उतारवयात मोडी शिकताना

साठी उलटलेल्या माणसाने नवी विद्या हाती धरावी की नाही, या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरावीक उत्तरे मिळतात. पिकल्या पानाला आता पालवी कोठून फुटणार, असे एक पक्ष म्हणतो. मन तरुण असले म्हणजे सर्व काही साधते, असे दुसरा पक्ष सत्कारसमारंभात सांगतो. या दोन्ही पक्षांतील मंडळींनी उतारवयात स्वतः काही शिकून पाहिलेले नसावे, असा आम्हांला दाट संशय आहे. कारण जो शिकून पाहतो त्याला लवकरच कळते, की काही गोष्टी खरोखरच अवघड झालेल्या असतात आणि काही, कोणाला वाटलेही नसेल इतक्या, सोप्या झालेल्या असतात. कोणत्या अवघड आणि कोणत्या सोप्या, एवढेच नीट कळले तरी पुष्कळ काम झाले.

हे मोघम बोलण्यापेक्षा एकच विद्या घेऊन तपासावे म्हणून आम्ही येथे मोडी लिपीचे वाचन निवडले आहे. मोडीच्या वर्गांत निवृत्त माणसांचा भरणा मोठा असतो. कोणी टपालखात्यातून निवृत्त झालेला, कोणी बँकेतून, कोणी मुलांची लग्ने उरकून मोकळी झालेली गृहिणी. बहुतेकांच्या घरी माळ्यावर किंवा देवघराच्या फडताळात फडक्यात बांधलेले एक दप्तर असते. 'आजोबांचे कागद' यापलीकडे त्याविषयी घरात कोणाला काही सांगता येत नाही.

मोडी म्हणजे मराठी भाषेचीच, पण भरभर लिहिण्याची लिपी. बाळबोध लिपीत आपण अक्षर काढतो आणि मग त्याच्या डोक्यावर रेघ देतो. मोडीत हा क्रम उलटा असतो. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे टांगीत जायचे, तीही शक्यतो लेखणी न उचलता. लेखणी उचलायची नाही म्हटल्यावर अक्षरांची वळणे मोडणे भागच पडते. लिपीचे नाव त्यावरूनच पडले असे सामान्यतः मानतात. ऱ्हस्वदीर्घाचा भेद ही लिपी पाळीत नाही, त्यामुळे 'दिन' आणि 'दीन' तिला सारखेच. शब्दांमध्ये जागा सोडीत नाहीत. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. यादवकाळापासूनचा या लिपीचा इतिहास सांगतात; शिवकाळातील वळण वेगळे, पेशवाईतील वेगळे, इंग्रजी अमदानीतील त्याहून वेगळे. छापखान्याला मात्र ही लिपी फारशी मानवली नाही. विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूर येथे १८१० साली मराठी शब्दकोश मोडी ठशांत छापला खरा, पण छापील मराठी पुढे बाळबोधच्याच वाटेने गेली. संगणकाच्या युनिकोड वर्णसंचात मोडीला जागा मिळाली ती २०१४ साली.

स्वातंत्र्यानंतर लवकरच शाळांतून मोडीचे शिक्षण संपले. ज्यांनी शाळेत मोडीचा कित्ता गिरवला त्यांतील जी माणसे आज हयात आहेत ती फार वृद्ध आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत, तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागदांचा साठा आहे, आणि गावोगावच्या कचेऱ्यांतील जुने जन्ममृत्यूचे व जमिनीचे दाखलेही मोडीत आहेत. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला तेव्हा मोडी वाचणारी माणसे कचेऱ्यांना शोधावी लागली. राज्याचे पुराभिलेख संचालनालय आणि भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्यासारख्या संस्था मोडीचे वर्ग चालवीत आल्या आहेत. यंत्राकडून मोडी वाचून घेण्याचेही प्रयत्न होत आहेत, ते व्हावेत. पण आपल्या माळ्यावरचे दप्तर यंत्रापुढे मांडायला कोणी तरी घरचाच माणूस लागेल, आणि यंत्राने काय वाचले ते बरोबर की चूक हे सांगायलाही लागेल.

आता शिकणाऱ्याकडे वळू. पहिल्या आठवड्यात त्याची गाठ पडते ती हाताशी. साठ वर्षे बाळबोध लिहिलेला हात. तो 'क' काढायला निघाला की जुन्या वाटेनेच धावतो. लहान मुलाला ही अडचण नसते, कारण त्याच्या हाताला कोणतीच वाट ठाऊक नसते. शिवाय मुलाचे अक्षर वाकडे आले तर त्याचे त्याला काही वाटत नाही. प्रौढाची दृष्टी मात्र तयार झालेली असते. चांगले अक्षर कसे असते ते तो जाणतो, आणि आपल्या हातून उतरलेले अक्षर तसे नाही हेही त्याला तत्काळ दिसते. पारख साठ वर्षांची आणि हात साडेपाच वर्षांचा, असे हे त्रांगडे आहे. वर्ग सोडून जाणारे बहुतेक लोक याच ठिकाणी सोडतात, असा आमचा अनुभव आहे. 'आता लक्षात राहत नाही हो,' असे ते म्हणतात. लक्षात राहण्याचा प्रश्न अद्याप आलेलाच नसतो. कारण असते ते संकोचाचे. कचेरीत ज्याच्या सहीवाचून कागद हलत नव्हता, त्याने फळ्यापाशी जाऊन 'ग' काढायचा आणि शेजारच्या कॉलेजातल्या मुलीने तो पुसून नीट काढून दाखवायचा, हे पचवणे सोपे नाही.

या संकोचावर एक उत्तम तोड ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात निघालेली आहे. फांगणे या लहानशा गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बायका, सर्वांना गुलाबी लुगड्याचा गणवेश, खांद्याला दप्तर, हातात पाटी. सगळ्याच आजीबाई असल्यामुळे कोणी कोणाला हसायचे हा प्रश्नच उरला नाही. वर्तमानपत्रांनी त्या गुलाबी रंगाचे कौतुक केले. आमच्या मते त्यातील खरे शहाणपण समवयस्कांचा वर्ग करण्यात होते. मोडीच्या वर्गातही आम्हांला हेच दिसते. दोन-तीन समवयस्क एकत्र नाव घालतात तेव्हा ते टिकतात. एकटा येणारा दिवाळीच्या सुट्टीनंतर सहसा परत येत नाही.

हाताचा इलाज हाताच्याच सवयीत आहे, आणि तेथे आपल्या जुन्या पंतोजींची पद्धत अजूनही उणी पडत नाही. पाहून शिकायचे नाही, गिरवून शिकायचे. ओळीवर ओळ, वरची रेघ आधी ओढून. पण किती वेळ, याविषयी पंतोजींपेक्षा जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांचे ऐकावे. त्यांनी १८८५ साली स्वतःच्या स्मरणशक्तीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरजोड्यांची एक माळ एकाच बैठकीत ६८ वेळा घोकून दुसऱ्या दिवशी जेवढा फायदा मिळाला, साधारण तेवढाच फायदा आधीच्या तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी मिळाला, असे त्यांना आढळले. रविवारी चार तास बसून मोडी उरकणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा. रोज सकाळी चहानंतर वीस मिनिटे पुरेत. आणखी एक गोष्ट अलीकडच्या प्रयोगांनी दाखवली आहे. धडा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहणे अधिक टिकाऊ ठरते. म्हणजे कित्ता समोर ठेवून दहा ओळी काढण्यापेक्षा कित्ता उलटा घालून दोन ओळी काढाव्यात, आणि मग ताडून पाहाव्यात.

'मेंदूच थकला, आता त्यात नवे काय शिरणार?' अशी शंका पुष्कळांना असते. हँबुर्ग येथील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. सुमारे साठ वर्षे वयाच्या माणसांना त्यांनी तीन चेंडू हवेत झेलत ठेवण्याची, सर्कशीत दाखवतात ती, कला तीन महिने शिकायला लावली. ज्यांना ती साधली त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा दृष्टीने हालचाल टिपण्याच्या भागात वाढ झालेली दिसली. नंतर तीन महिने सराव बंद ठेवला तेव्हा ही वाढ ओसरली. याच प्रयोगात तरुणांच्या मानाने वृद्धांपैकी फारच थोड्यांना ती कला चांगली जमली, हेही सांगितले पाहिजे. उत्साहाच्या भरात सभांतून तेवढे वाक्य गाळले जाते. मेंदू नवे घेतो, सावकाश घेतो, आणि सोडून दिले तर परतही करतो.

येथपर्यंतचा हिशेब वृद्धाच्या विरुद्ध गेला असे कोणास वाटेल. तसा तो गेलाच आहे. अक्षरओळखीच्या टप्प्यात आमच्या वर्गातील विशीतली मुले सत्तरीच्या लोकांना सहज मागे टाकतात. मौज पुढे आहे. वर्ग अक्षरांवरून कागदांवर आला, खरे खरेदीखत किंवा पत्र समोर ठेवले, की पारडे फिरू लागते. मुलाला प्रत्येक अक्षर ओळखता येते, आणि ओळ लागत नाही. पलीकडे आजोबांना चार अक्षरे अडतात, तरी ओळ लागते.

याचे कारण मोडीच्या स्वभावातच आहे. ज्या लिपीत शब्द तुटलेले नाहीत ती नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाही. 'पाटीलवाडीसगेले' अशी अक्षरे सलग आली तर पाटील वाडीस गेले, की कोणी तरी पाटीलवाडीस गेले? अक्षरे याचे उत्तर देत नाहीत. त्या भागात पाटीलवाडी नावाची वस्ती आहे की नाही हे ज्याला ठाऊक, तो उत्तर देईल. जमिनीच्या कागदात 'बिन' आले की पुढे बापाचे नाव यायचे आणि 'कोम' आले की पुढे नवऱ्याचे, हे तरुण मुलाला पाठ करावे लागते. महसूल खात्यात हयात घालवलेल्या माणसाने सातबारावर 'अपाक' म्हणजे अज्ञान पालन कर्ता हे हजार वेळा वाचलेले असते. जुन्या कागदातील असल्या खुणा त्याला परक्या वाटत नाहीत. धान्याच्या हिशेबात चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी हे ज्याने घरात ऐकले, त्याला बेरीज जुळते की नाही यावरून अडलेला आकडा काढता येतो. नवे पैसे १९५७ साली आले. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना आणे-पै हे शाळेतील गणित म्हणून नव्हे, खाऊचे पैसे म्हणून आठवतात. मृग लागला, सुगी झाली, तगाई मागितली, हे शब्द त्यांना शब्दकोशात पाहावे लागत नाहीत.

टंकलेखकांवर झालेले एक संशोधन या बाबतीत आम्हांला फार बोधप्रद वाटते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टिमथी सॉल्टहाउस यांनी १९८४ साली १९ ते ७२ वर्षे वयाच्या टंकलेखकांची परीक्षा केली. वय वाढेल तशी बोटांची चपळाई कमी आणि प्रतिसाद मंद, हे अपेक्षेप्रमाणेच आढळले. टंकलेखनाचा वेग मात्र वयाबरोबर घटलेला नव्हता. शोध घेता दिसले की वयस्क टंकलेखकांची नजर, बोटे जे अक्षर दाबीत आहेत त्याच्या तरुणांपेक्षा अधिक पुढे धावत होती. बोटांनी गमावलेले नजरेने भरून काढले. मोडीच्या वाचकाचेही असेच होते. चांगला मोडीवाचक अडलेल्या अक्षरापाशी थांबत नाही. तो ओळीच्या टोकापर्यंत जाऊन येतो, आणि येताना ते अक्षर सोडवून आणतो.

याच गुणातून वयस्क वाचकाचा मोठा दोष जन्म घेतो, आणि तो कोवळ्या वाचकांत क्वचित आढळतो. आधीच एवढे ठाऊक असल्यामुळे ते कागदावर नसलेलेही वाचू लागतात. कुळाच्या इतिहासाविषयी अभिमान असेल तर विशेषच. कागदात कोणा भलत्याच घराण्याला इनाम दिल्याचे लिहिलेले असते आणि वाचणाऱ्याला त्यात आपलेच आडनाव दिसते. यावर उपाय एकच, तो कंटाळवाणा आहे. अर्थ लागला तरी आधी अक्षरास अक्षर बाळबोधात उतरवायचे, न लागलेल्या जागी टिंबे द्यायची, आणि अंदाज असेल तो कंसात वेगळा लिहायचा. दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी ती प्रत तपासायची. टिंबे देण्याची लाज वाटू नये. टिंबे नसलेली प्रत पाहिली की आम्हांला वाचणाऱ्याची शंका येते.

कालगणना ही मात्र सर्वांनाच नव्याने शिकावी लागते. पेशवाईतील कागदावर इंग्रजी तारीख नसते. 'छ' या अक्षराने चंद्राची तिथी सांगून पुढे मोहरम, सफर, रबिलावल अशा मुसलमानी महिन्याचे नाव येते, आणि वर्ष सुहूर सनाचे, तेही आकड्यांत नव्हे, अरबी शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' अशी ओळ प्रथम पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण तोडून पाहा. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. झाले ११६१. हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलते. म्हणून तेथून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. कागद पौषातला असेल तर उत्तर आले १७६१. पानिपतची लढाई याच सुहूर सनात, १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. एक ते नऊ, दहा ते नव्वद, शंभर आणि हजार यांचे अरबी शब्द एका पोस्टकार्डावर मावतात. ते आरशाजवळ लावावे; दाढी करता करता दोन आठवड्यांत पाठ होतात. पत्राचा मायनाही असाच लवकर अंगवळणी पडतो. 'राजमान्य राजश्री' येथे आरंभ आणि 'बहुत काय लिहिणे हे विनंती' येथे शेवट ओळखू आला, की कागदाची दोन टोके हाती आली, आता मधला मजकूर सोडवायचा.

नवी विद्या जुन्या विद्येच्या शेजारी लावली तर उतारवयात ती धरते, हे मोठ्या माणसांच्या चरित्रांतही दिसते. रवींद्रनाथ ठाकूर चित्रकार झाले ते साठीनंतर. हस्तलिखितातील खोडलेले शब्द एकमेकांना जोडता जोडता त्यांतून आकार निघू लागले, आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले तेव्हा ते एकोणसत्तर वर्षांचे होत होते. हात लेखकाचा होता, कागदही लेखकाचाच होता. आपल्याकडे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १९२५ साली बडोद्याची नोकरी सोडून आले ते साठाव्या वर्षी. त्यानंतर पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड त्यांनी १९३० ते १९३४ या अवधीत संपादून काढले, आणि मराठ्यांचा इंग्रजी इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध झाला तो १९४६ ते १९४८ मध्ये, म्हणजे ऐंशी उलटल्यावर. रियासतकारांना मोडी नवी नव्हती, हे खरे. पण मोडीच्या एवढ्या मोठ्या रानात शिरणे नवे होते.

आपण रियासतकार होणार नाही. मग काय पदरात पडते? रोज वीस मिनिटे देणाऱ्याला तीन-चार महिन्यांत इंग्रजी अमदानीतील सुवाच्य खरेदीखत, अडखळत का होईना, लावता येते. वर्षभरात घरच्या पत्रांतील बराच मजकूर सुटतो. पेशवाईतील घाईने खरडलेली टिपणे पुष्कळ काळ दाद देत नाहीत, आणि शिवकालीन कागद तर जाणत्याकडेच न्यावा. घरच्या दप्तरात सनदाच निघतील या आशेने शिकू नये. बहुधा निघतात कर्जाचे कागद, भाऊबंदकीची तक्रार, बाळंतिणीच्या औषधांची यादी, सुनेला माहेरी धाडण्याविषयीचे पत्र. पण आपल्या पणजीचे नाव जे घरात कोणालाच सांगता येत नव्हते, ते एखाद्या गहाणखतात 'कोम' या शब्दाच्या आधी सापडते. आमच्या वर्गातील एका बाईंना ते असे सापडले, आणि त्या दिवशी वर्गाचे पुढचे काम झाले नाही.

अखेर दप्तर उघडण्याविषयी दोन शब्द, कारण शिकण्याच्या उत्साहात कागदांचे नुकसान झालेले आम्ही पाहिले आहे. गाठ सोडल्यावर कागद ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ठेवावेत; एकत्र बांधलेले कागद सहसा एकाच प्रकरणाचे असतात, आणि तो क्रम एकदा मोडला की पुन्हा लागत नाही. कागदावर शाईने आकडा घालू नये, वेगळी चिठ्ठी ठेवावी. थुंकी लावून पान उलटू नये. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये आणि प्लॅस्टिकमध्ये कागद कायमचा बंद करून घेऊ नये; दोन्हींनी कागद जातो. घडी कडक झाली असेल तर जोर न करता तो भाग तसाच सोडावा. खिडकीजवळच्या सौम्य उजेडात नातवाकडून प्रत्येक पानाची छायाचित्रे काढून घ्यावीत, मागच्या कोऱ्या बाजूचीही, कारण पत्ता आणि पावल्याची नोंद पुष्कळदा तेथेच असते. मग मूळ कागद स्वच्छ सुती रुमालात पुन्हा बांधून ठेवावेत, आणि वाचायला घ्यावीत ती छायाचित्रे.